हळदीच्या कुंच्या

"टाळू बघू," असं म्हणत मावशी तळहात डोक्यावर ठेवायची आणि आपण काही बोलायच्या आत उचलूनही घ्यायची. भाकरी टाकायच्या आधी बायका तव्याचा अंदाज घेतात, तसा. मग तोच हात मानेवर यायचा. "आन् मान? मान कोण झाकनार, तुजा बा?" एवढं विचारून ती पुढच्या डोक्याकडे वळलेली असायची. उत्तर ऐकायला ती कधी थांबली नाही.

तुमच्याही लहानपणी असं एखादं माणूस असेल, ज्याला बसलेलं तुम्ही कधी पाहिलंच नाही. सोलापुरात आमच्या मुलींच्या शाळेत मावशी बोलावणारी बाई होती. त्या काळी मुली आपल्या आपण शाळेत जात नसत. सकाळी घरोघर जाऊन हाका मारायच्या, सगळ्यांची ओळ करून शाळेत न्यायचं आणि शाळा सुटली की जिला तिला घरी पोचवायचं, हे तिचं काम. आमच्या ओळीत आम्ही अकराजणी होतो. तिचं नाव आम्ही कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते सांगायला ती उभी राहिली नसती.

दारात आली की तिचा एक पाय उंबऱ्यापाशी आणि दुसरा रस्त्याकडे. आई म्हणायची, "मावशी, घोटभर पाणी तरी घे." त्यावर ठरलेलं उत्तर, "वैनी, पानी पीत बसलं तर ऊन वर येतंय की." ओळीच्या नेहमी उन्हाच्या बाजूनं ती चालायची, म्हणजे तिची सावली सगळ्यात धाकट्या पोरीवर पडावी. अकरा वाजता माणसाची सावली असून असते किती? पण जी काय वीतभर असेल ती वाया जाऊ द्यायची नाही, असा तिचा हिशेब.

चैत्र लागला की शाळा सकाळची व्हायची. सातला भरायची, अकराच्या सुमारास सुटायची. पण सोलापूरचं ऊन अकराची वाट बघत नाही. एखादी मुलगी घरी जाऊन ओकायची, एखादीला ताप भरायचा, आणि घरचे म्हणायचे, "आता पावसाळ्यात बघू." पावसाळ्यात ती पोरगी घरकामाला लागलेली असे, नाहीतर लग्न होऊन गेलेली असे. मावशी अशा पोरी बोटांवर मोजायची. मागच्या साली तीन, त्याआधी दोन. "उन्हानं नेल्या," म्हणायची. मी आणि समोरच्या घरातली गंगव्वा चौथीत होतो, त्या वर्षी तिनं मनाशी ठरवलं की परीक्षा होईपर्यंत उन्हाला एकही पोरगी द्यायची नाही.

आता मुलीच्या डोक्यावर काय घालायचं, हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. टोपी घातली तर मुलगा. पदर घेतला तर सासुरवाशीण. फडकं गुंडाळलं तर शेण गोळा करायला निघालेली. मुलांचं बरं होतं, त्यांच्या डोक्यावर जन्मापासून काहीतरी असायचंच. आम्ही मात्र तेल चोपडलेल्या वेण्या घेऊन उघड्या डोक्यानं चालत होतो, आणि ते तेलही तापायचं.

मावशीनं गावभर हिंडून टोप्या जमवल्या. माझ्या भावाची काळी टोपी माझ्याच हातून मागवली. एक घडीचा ओला पंचा. आणि कुठल्याशा गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर तिची नणंद भांडी घासायची, तिथून साहेबाच्या पोराला लहान झालेली भेंडाची हॅट, पट्टा तुटलेली. एके दिवशी शाळा सुटल्यावर तिनं या सगळ्या टोप्या शाळेच्या दगडी पायरीवर मांडल्या, प्रत्येकीखाली माठातल्या गार पाण्यानं भरलेली एकेक वाटी ठेवली आणि आम्हाला व्हरांड्याच्या सावलीत बसवलं. स्वतः मात्र अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमास्तरीण, खिडकीतून म्हणाल्या, "अगं, तू तरी सावलीत ये." ती म्हणाली, "बाई, मी उन्हात असल्याबिगर ऊन किती हाय ते कसं कळंल?"

बऱ्याच वेळानं तिनं एकेका वाटीत बोट बुडवलं. काळ्या टोपीखालचं पाणी चहा टाकावा इतकं तापलेलं. पंचा तोवर वाळून कडक झाला होता. हॅटखालचं पाणी मात्र गारच्या गार. मावशीनं ती हॅट उचलली आणि थेट माझ्या डोक्यावर ठेवली. मी वर्गात सगळ्यात उंच, म्हणून हा मान माझा.

त्या दिवशी घरी जाताना काय झालं ते सांगायलाच नको. चौकातल्या पोरांनी रांगेनं उभं राहून मला सलाम ठोकले. पानवाल्यानं "गुडमारनिंग साहेब" म्हटलं. गंगव्वा हसून हसून रस्त्यात खाली बसली आणि मला रडू फुटलं. दारात दादा, म्हणजे माझे वडील, उभे होते. त्यांनी हॅट बघितली, मावशीकडे बघितलं आणि म्हणाले, "मावशी, उद्या हिच्या तोंडात चिरूट द्याल." मावशी रागावली नाही. हॅट काखेत मारून चालता चालता म्हणाली, "ऊन हिला भितंय, पर मानसं हिला भीत न्हाईत." पुढं ती हॅट शाळेच्या खुंटीवर लटकली आणि मोठ्या बाई तिच्यात खडू ठेवू लागल्या.

कुंचीची कल्पना तिला सुचली ती गंगव्वाच्या दारात. गंगव्वाचं घर कानडी बोलणारं, वडिलांचं भुसार मालाचं दुकान. मागच्या पावसाळ्यात तिचा तान्हा भाऊ गेला होता. त्याची खणाची कुंची अजून ओट्याजवळच्या खुंटीवर होती. आईनं ती काढली नव्हती. कुंची तुम्ही पाहिलीच असेल. डोक्याला टोपीसारखी बसते आणि मागं पाठीवर तिची झूल लोंबते. मावशी गंगव्वाला हाक मारून उभी होती, आणि तिची नजर त्या झुलीवर गेली.

"मान," ती एवढंच म्हणाली. मला ते ऐकू आलं, कारण मी समोरच आमच्या ओट्यावर पाटी घेऊन उभी होते.

कुंची टोपीही नव्हती आणि पदरही नव्हता. मुलगा म्हणून कुणी चिडवणार नव्हतं, सासुरवाशीण म्हणून कुणी हसणार नव्हतं. फार तर बाळ म्हणालं असतं. मावशीनं कुठल्याशा कापडवाल्याकडून मांजरपाटाचा तुकडा आणला. पांढरा, कारण "पांडऱ्याला ऊन धरत न्हाय." दुहेरी कापडाच्या अकरा कुंच्या तिनं दोन दिवसांत शिवल्या. शिवल्या म्हणजे कशा, तर चालता चालता. ओळ पुढं आणि ही उन्हाच्या बाजूनं टाके घालत. सुई बोटात जायची, ती बोट तोंडात घालायची आणि पुढचा टाका घ्यायची. आम्ही म्हणायचो, "मावशी, बसून शिव की." ती म्हणायची, "बसलं की हात चालत न्हाईत माजे."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गठुडं घेऊन आली आणि आधी समोरच्या घरी गेली. गंगव्वा बाहेर आली तशी मावशीनं तिच्या डोक्यावर कुंची घातली, झूल मानेवरून सारखी केली आणि लांब होऊन बघितलं. तिला ती पसंत पडली असावी, कारण ती हसली. तेवढ्यात गंगव्वाची आई दारात आली.

ती ओरडली नाही. तिनं पोरीच्या डोक्यावरची कुंची दोन बोटांनी उचलली, ओट्यावर ठेवली आणि गंगव्वाला दंडाला धरून आत ओढलं. "ब्याड," म्हणाली. ब्याड म्हणजे नको. मावशीनं काहीतरी मोडक्या कानडीत समजावलं. "ब्याड," ती परत म्हणाली आणि दार लागलं.

मावशी ती कुंची घेऊन आमच्या दारात आली. "वैनी, काय चुकलं माजं?" आईनं कुंची हातात घेतली, कापड चुरगाळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. कापड कोरं होतं. ना पाण्यातून काढलेलं, ना कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. असं कोरं पांढरं कापड आपल्याकडे कुणाच्या अंगावर घालतात ते तुम्हाला माहीत आहे.

"मावशी," आई हळूच म्हणाली, "वर्ष नाही झालं त्या घरातलं लेकरू जाऊन. आणि तू त्याच्यासारखीच कुंची, कोऱ्या पांढऱ्याची, तिच्या पोरीला घातलीस."

मावशीचे दोन्ही पाय एका ठिकाणी थांबलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "उन्हाकडंच बगत व्हते मी," ती म्हणाली. "कापडाकडं बगितलंच न्हाय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा राग आला, कारण गंगव्वा माझी मैत्रीण होती, आणि तिची कीवही आली. आज आठवलं तरी दोन्ही होतं.

आईनं त्याच दिवशी घंगाळात हळद कालवली आणि अकराच्या अकरा कुंच्या त्यात बुडवल्या. दुसऱ्या दिवसापासून आमची पिवळी ओळ निघाली. पहिले दोन दिवस बायका दारात येऊन "कुणाचं बारसं गं?" विचारत राहिल्या, मग त्यांनाही सवय झाली. हळद उन्हात उडते. आठवड्याभरात कुंच्या वरून फिक्या पडायच्या आणि मावशी त्या उलटून आम्हाला दाखवायची, आतून पिवळ्या, बाहेरून पांढुरक्या. "बग, किती ऊन पिलं हिनं. हे समदं तुज्या टाळूत गेलं असतं." दर रविवारी आमच्याकडे परत घंगाळ भरायचं. त्या उन्हाळ्यात ओळीतली कुणी ओकली नाही, कुणाला ताप भरला नाही. दहाच्या दहाजणी परीक्षेला बसल्या.

अकरावी कुंची मावशीच्या हातात, पदराखाली असायची. रोज सकाळी ती ओळ समोरच्या दारापाशी थांबवायची आणि हाक मारायची, "गंगव्वा, बा गं." कानडीत बा म्हणजे ये. मग उभी राहायची. उभं राहणं तिला जमत नसे, पायांची चुळबूळ चालायची, बोटं कुंचीच्या नाड्या गुंडाळायची आणि सोडायची. दार उघडत नसे. कधी आतून बांगड्या वाजायच्या. आम्हाला उशीर व्हायचा, आम्ही कुरकुर करायचो. शेवटी ती म्हणायची, "चला," आणि जास्तच जोरात चालायची. परीक्षेच्या दिवशीही तिनं हाक मारली. त्याच वैशाखात गंगव्वाचं लग्न झालं आणि ती अक्कलकोटकडे नांदायला गेली. तरी पुढच्या वर्षी, ओळ त्या दारावरून जाताना, मावशी पाऊल थोडं अडखळल्यासारखं टाकायची.

मी पास झाले, शिकत राहिले आणि पुढं त्याच शाळेत मास्तरीण होऊन आले. तोवर मावशीचे गुडघे गेले होते आणि नजर मंद झाली होती. तिचा मुलगा होटगीला रेल्वेत सांधेवाला, म्हणजे गाडीचे रूळ बदलणारा, होता, त्यानं तिला तिकडे नेलं. नवी बोलावणारी बाई आली. ती प्रत्येक दारात बसायची, पाणी प्यायची, आणि तिच्यावर मी उगाचच चिडायचे.

चौथीच्या त्या उन्हाळ्याला बारा-तेरा वर्षं झाली असतील. चैत्रातल्या एका सकाळी शाळेच्या फाटकातून एक बाई पोरीला घेऊन आत आली. नवऱ्यानं आता सोलापुरातच दुकान काढलंय, म्हणाली, आणि पोरीला पहिलीत घालायचंय. बोलताना तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि आम्ही दोघी एकदम हसलो. गंगव्वाच ती. परत जाताना मी दारात उभी राहून बघत होते. रस्ता रुंद होता, पलीकडे भिंतीची सावली होती. गंगव्वानं पोरीला सावलीच्या अंगाला घेतलं आणि स्वतः उन्हाच्या बाजूनं चालू लागली.

त्या रविवारी मी होटगीला गेले. मावशी खाटेवर बसली होती. तिला बसलेली बघायची सवय नव्हती, म्हणून मला आधी वाटलं, घर चुकलं. मी जवळ गेले तशी तिनं हात वर केला. "टाळू बघू." मी पदर मागं सारून वाकले. हात गार होता आणि आता तो लवकर उचलला गेला नाही.

"मावशी, गंगव्वा आली होती," मी म्हणाले. "समोरच्या घरातली. लेकीला शाळेत घातलं तिनं."

तिनं हात माझ्या डोक्यावरून मानेवर आणला. मग म्हणाली, "उन्हातनं आली?"

"उन्हातनंच. गंगव्वा उन्हाच्या बाजूनं चालत होती."

"आन् मान? पोरीची मान झाकली व्हती का?"

मला खोटं बोलवेना. "नाही, मावशी."

तिनं उशाखालचं गठुडं ओढलं आणि चाचपडत त्यातून एक कुंची काढली. अकरावी. जिनं एक दिवसही ऊन पाहिलं नव्हतं, ती तेवढी अजून पिवळी होती. मला वाटलं ती माझ्या हातात देईल. पण तिनं ती स्वतःच्याच मुठीत धरली आणि विचारलं, "सोलापूरची गाडी कवा हाय?"

सून घाईनं पुढं आली. "आत्याबाई, बसा की. चालवतंय का तुमाला?" मीही म्हणाले, "मावशी, दे, मी देते तिला नेऊन." ती आमचं ऐकत नव्हती. त्या साली पाऊस यायच्या आधीच ती वारली, आणि मी तिला पाहिलं ते तेवढंच शेवटचं. कुंची मुठीत घट्ट धरलेली, मान दाराकडे वळलेली, आणि खाटेखाली तिचे दोन्ही पाय वहाणा शोधत होते.