बाणवाल्या चित्रांचा बॅकअप

परवा नातीने माझा फोन उचलला आणि म्हणाली, "आजी, अपडेट आलंय. करून टाकू?" मी फोन तिच्या हातातून काढून पदराखाली घातला. "आधी बॅकअप घे. मग माझं सगळं नव्यावर चालतंय का ते बघ. मग मला विचार. मग मी नाही म्हणेन." ती खिदळत सुटली. तिला वाटतं आजी गंमत करते. आजी करतेच, पण या एका बाबतीत आजीची स्वतःचीच गंमत झालेली आहे, आणि ती आठवली की अजून कान गरम होतात.

तेव्हा मी शाळेच्या ऑफिसातून नुकतीच रिटायर झाले होते. नोकरीच्या शेवटी शेवटी सगळ्यांना कॉम्प्युटरचा कोर्स करावा लागला, तसा मीही केला. त्याचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून लोणावळ्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये घड्याळाखाली लावलं. तिथे आधी आमच्या लग्नाचा फोटो होता. खिळा एकच असल्यामुळे लग्न बेडरूममध्ये गेलं. यांनी विचारलं तर मी म्हणाले, "लग्नं सगळ्यांचीच होतात." काय बाई होते मी तेव्हा! ती आज भेटली तर मी तिच्याशी बोलणार नाही.

यांचं गाव औंढे. तिथे आमच्या बौद्ध वस्तीत नवं विहार बांधून होत आलं होतं आणि उद्घाटनाला जुन्या माणसांच्या आठवणींची एक छोटी स्मरणिका काढायचं ठरलं. धर्मांतराच्या वेळचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगेल असं वस्तीत एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे यांची आत्या. त्या वर्षी ती लहान पोरगी होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिने सांगायचं आणि कुणीतरी लिहायचं. मी हात वर केला. विहाराच्या समितीतल्या एकाने सुचवलं, की वहिनी, आधी वहीत उतरवून घ्या. मी म्हणाले, "वही कशाला? मी थेट टाइप करते."

भातलावणी उरकल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आली. तिला रिकाम्या हाताने बोलता यायचं नाही. कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी जमिनीवर बसायची, मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडायची आणि खाली बघतच बोलायची. मी वर खुर्चीत, चष्मा नाकावर, कळा बडवत.

"लिवलंस का?"

"लिहिलं, आत्या."

"वाच बगू."

"सगळं झालं की एकदम वाचते."

ती सांगत गेली. देव्हाऱ्यातले देव पाटीत घालून वस्तीतली माणसं नदीवर कशी गेली, तिच्या बापाने पाटी डोक्यावर कशी घेतली, पोरासोरांना कसं वाटत होतं की जत्राच आहे. आणि देव पाण्यात सोडून परत येताना, वाटेत, तिची आई तिला काहीतरी बोलली, ते. तेवढं सांगताना ताटातले तिचे हात थांबले होते. मग ती म्हणाली, "ह्ये मी कुणापाशी बोल्ले न्हाई गं. तुज्यापाशी बोल्ले. छापा. माजी आय कशी व्हती त्ये कळंल लोकास्नी." मी म्हणाले, "हो हो," आणि फाइल सेव्ह केली. निदान तेवढं तरी केलं.

आत्या गावी परत गेली. पानं प्रेसला द्यायची होती, पण प्रिंटरची शाई वाळली होती म्हणून मी प्रिंट काढली नव्हती. तेवढ्यात तळेगावला जाऊबाईंकडे नवा कॉम्प्युटर आला. त्याच्या पडद्यावर चौकटी काचेसारख्या आरपार दिसायच्या. जाऊबाई त्यावर पत्ते खेळायच्या, बाकी काही नाही. पण काचेवर खेळायच्या. माझ्या पोटात दुखायला लागलं. स्मरणिकेचं काम काचेवर व्हायला हवं, असं मी ठरवलं आणि सिस्टीम बदलायला माणूस बोलावला.

तो भुशी धरणावरच्या पावसाळी गर्दीतून वैतागत येऊन पोचला. मशीन बघून म्हणाला, "काकू, मराठीचं सॉफ्टवेअर तुमचं जुनं आहे. नव्या सिस्टीमवर चालेल का, हे ज्यांनी बनवलं त्यांना आधी विचारा. आणि सगळा डेटा बाजूला काढा. मी डिस्क पुसणार. पुसली की विषय संपला."

"मी कोर्स केलाय," मी म्हटलं आणि घड्याळाखाली बोट दाखवलं.

"मग प्रश्नच नाही," तो म्हणाला. फ्रेमकडे बघून म्हणाला, अगदी आदराने.

मी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर माझ्या सगळ्या फाइलींची चित्रं ओळीने मांडलेली होती. माउसने एका फटक्यात सगळी पकडली आणि पेनड्राइव्हवर ओढली. डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच कॉपी पूर्ण. हे शेजारी उभे होते.

"एवढ्यात झालं?"

"तुम्हाला काय कळतंय. स्पीड आहे."

संशय यायला हवा होता, मला अभिमान आला. त्या चित्रांच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण होता. तो बाण सांगत असतो, की बाई, फाइल इथे नाही, आत दुसरीकडे आहे, मी फक्त रस्ता दाखवतोय. म्हणजे मी घराकडे जाणाऱ्या पाट्या तेवढ्या जपून ठेवल्या आणि घर पाडायला माणूस बोलावला. तो बाण कोर्समध्ये शिकवला होता. त्या दिवशी मी बहुतेक मागच्या बाकावर बसून जाऊबाईंबद्दलच बोलत असणार.

संध्याकाळी नवी सिस्टीम चालू झाली. काचा आल्या. मराठीचं सॉफ्टवेअर मात्र नव्यावर बसेना. त्या माणसाने दोनतीनदा घालून बघितलं, मग हात झटकले. "बोललो होतो, काकू." मी म्हटलं असू दे, फाइली तर आहेत. पेनड्राइव्ह उघडला. एकेका चित्रावर टिचकी मारली. प्रत्येक वेळी तोच निरोप, की ज्या जागी फाइल होती तिथे आता काही नाही. सगळ्यांत एकच फाइल खरी निघाली: सोसायटीची, मंगळवारी पाणी येणार नाही ही सूचना. तीही उघडली तर मराठीच्या फॉन्टशिवाय इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. आत्याची आई गेली होती आणि मंगळवारचं पाणी तेवढं उरलं होतं, तेही वाचता न येण्यासारखं.

समितीचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, लाइट सारखी जातेय. लोणावळ्याच्या पावसात यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मग मी दार लावून कागद घेतला आणि आत्याचं बोलणं आठवून लिहायला बसले. आठवेना. घटना आठवत होत्या, तिचे शब्द नाहीत. मग मी माझे घातले. चांगले घातले, शाळेच्या वार्षिक अहवालात घालायचे तसे. नदीवरून परत येतानाच्या जागी तर मी चार भारदस्त वाक्यं रचली आणि ती वाचून माझेच डोळे भरून आले. ही त्या बाईची हद्द होती. चोरी करून वर रडायचं.

आत्याने निरोप धाडला होता, की मला वाचून दाखवल्याबिगर छापायचं न्हाई. गेले औंढ्याला. ओट्यावर बसून वाचायला लागले. आत्या शेंगा सोलत होती. "आम्ही अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत दिवस कंठीत होतो. परंतु मनामध्ये परिवर्तनाची ज्योत..."

"थांब," आत्या म्हणाली. "ही कोन बाई हाय?"

"तुम्हीच, आत्या."

"लय चांगली बोलती. शाळंत शिकवती का?"

मी हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. "फुडं वाच. आय काय बोल्ली त्ये वाच."

मी ती चार वाक्यं वाचली. आत्याने हातातली शेंग सुपात ठेवली.

"माजी आय आसं बोलंल व्हय गं? तिला येवडं लांब बोलाया सवड कुटं व्हती?"

मग मी सगळं सांगितलं. पेनड्राइव्ह, बाण, पुसलेली डिस्क. लाइट गेल्याचंही सांगणार होते, पण तिने माझ्याकडे असं बघितलं की ते तोंडातच राहिलं.

"त्ये डबडं बिघाडलं, का तू बिघाडवलंस?"

"मी."

"बरं. आन तू? तू तर समूरच बसल्यालीस. तुला न्हाई आठवत?"

याचं उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. ती तांदळात बघून आपल्या आईबद्दल आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती, आणि मी कळांवर 'ळ' कुठे आहे ते शोधत होते. मी ऐकतच नव्हते. मला वाटत होतं, ऐकायचं काम मशीन करतंय.

मी मान खाली घातली. तिला कळलं. ती म्हणाली, "कागूद हाय का? मग लिव. आन वर बसू नगंस, हितं खाली बस."

तिने पुन्हा सांगितलं. मी पेन्सिलीने लिहिलं, जसं बोलली तसं, लय आणि व्हय आणि न्हाई सकट. पाटी, बाप, नदी, पोरांची जत्रा, सगळं आलं. पण देव पाण्यात सोडले आणि ती एकदम घरी आल्यावर काय केलं त्यावर गेली.

"आत्या, ते वाटेतलं राहिलं. आई बोलली ते."

"त्ये सांगून झालं."

"पण ते आता कुठेच नाही, आत्या."

"मग मी काय करू? मी तर सांगितलं व्हतं." ती आवाज न चढवता बोलली. "त्ये येकदा वर आलं, तवा दिलं. आता मागून येत न्हाई." आणि सूप उचलून आत गेली. मला वाटलं रागावली. थोड्या वेळाने चहा घेऊन आली, माझ्या कपात साखर जास्त, मला आवडते तशी. रागावली असती तर बरं झालं असतं.

आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिने नंतर तो विषय कधी काढला नाही, एकदा सोडून. उद्घाटनाच्या दिवशी. विहारात आम्ही सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून पुढे बसलो होतो, आत्या माझ्या शेजारी. समितीतल्या एकाने माईकवर स्मरणिकेतली तिची आठवण वाचली. तिच्याच बोलीत, त्यामुळे माणसं पहिल्या वाक्यापासून हसायला लागली. पोरांची जत्रा आली तेव्हा तर टाळ्या पडल्या. मग देव पाण्यात सोडले गेले, आणि पुढच्याच ओळीत माणसं घरी येऊन पोचली. कुणाला काही कमी वाटलं नाही.

आत्याने कोपर माझ्या बरगडीत मारलं आणि हळूच म्हणाली, "बग, आलो बी घरला. वाटंत कोन बोल्लंच न्हाई."

सगळ्यांबरोबर मलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.