मंजूच्या रुखवतातला रुमाल

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांना नाही, मुलीलाही नाही. मी चौथीपर्यंत शिकले, तेही फार मागे. इथे देवासला सगळा कारभार हिंदीत, मराठी लिहायची सवय गेली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे — तेवढं समजून घ्या. तोंडानं सगळं सांगायला जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

दर उन्हाळ्यात मी घरी मुलींना क्रोशाचं विणकाम शिकवते. सगळ्या मला ताई म्हणतात. शाळा उघडायच्या आत प्रत्येकीचं काम पुरं झालं पाहिजे, असा माझा धाक. आणि माझं? ट्रंकेत एका बाहीचा स्वेटर आहे, अर्धं तोरण आहे, आणि चार ओळी विणून टाकून दिलेला एक रुमाल. तो मंजूच्या, माझ्या मुलीच्या, रुखवतासाठी घेतला होता.

रुखवताचं तुम्हाला ठाऊकच आहे. चिठ्ठी मुलीच्या नावाची आणि हात आईचे. सगळ्यांना माहीत असतं, कुणी विचारत नाही. मंजूचं लग्न धारला ठरलं, तेव्हा वेळ भरपूर होता. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले.

त्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतली संगीता माझ्याकडे शिकत होती. सतरा वर्षांची असेल. पाच मोरांचा रुमाल विणत होती, नमुना कुठेच न बघता. असा हात मी पाहिला नव्हता. शिकवणारीला आनंद व्हायला हवा ना? मला तो झाला नाही. पोटात दुखलं — हेही लिहायलाच हवं.

रुमाल पुरा झाला तेव्हा लग्नाला बारा दिवस होते. धुऊन ताणून देते, म्हणून मी तो ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं — उंदरांनी कुरतडला गं, फेकून द्यावा लागला.

कुरतडला नव्हता. माझ्या साड्यांखाली होता.

क्लासच्या मुलींना लग्नाला बोलावलं नसतं तर बरं दिसलं नसतं. रुखवतापाशी विहीणबाई थांबल्या. “अगं बाई, मोर तर बघा! मंजूनं केलं का हो हे?” मी मान हलवली. नाही — नुसती मान नाही. “हो, आमच्या मंजूनंच,” असं तोंडानं म्हटलं. संगीता तिथेच पन्ह्याचे पेले घेऊन उभी होती. विहीणबाईंनी तिला सहज विचारलं, “तुला येतं का गं असलं?”

“मेरा तो चूहे खा गए, काकीजी.”

सगळ्या हसल्या. मीही हसले.

मंजूला वाटत आलं, तो मी विणला. आईच्या हातचा म्हणून ती तो दिवाळीला बैठकीत अंथरते. मी धारला गेले की त्याच्याकडे पाठ करून बसते.

संगीताचं लग्न गावातच झालं. यंदा तिनं आपल्या मुलीला, खुशीला, माझ्याकडे पाठवलं. का पाठवलं असेल? एकदा खुशीचा टाका चुकला. मी म्हटलं, घरी आईला विचारून ये. ती म्हणाली, “मम्मी को ये सब नहीं आता, ताई.”

त्यानंतर संगीता संध्याकाळी खुशीला न्यायला आली, की मी गॅसवर दूध आहे म्हणून आत पळायची. गॅसवर काहीच नसायचं. उद्या सांगू, परवा सांगू — असा सगळा उन्हाळा गेला. क्लास संपला. त्या दुपारी मी मंजूला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी काय काय सांगत फिरले गं लोकांना.” मग विचारलं, “काढून ठेवू का?”

“ठेव,” म्हटलं. सकाळच्या बसनं धारला गेले, संध्याकाळी परत आले आणि घरी न जाता तशीच संगीताच्या दारात उभी राहिले. रुमाल तिच्या हातात दिला. “मी चोरला होता,” एवढंच बोलता आलं.

तिनं तो उलगडला. एका मोराच्या मानेवर चहाचा डाग आहे, त्यावरून बोट फिरवलं. मग घडी घातली आणि आत घेऊन गेली.

मी पायऱ्या उतरले.