शब्दकोशात जोडा

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबा आमच्या मुर्री गावाहून रोज सायकलनं गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये जायचे, तिथे ते मशीनवर होते. मिलच्या ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले आणि जुने विकायला काढले, त्यातला एक त्यांनी माझ्यासाठी घेतला. पुढे सायकलरिक्षात पोत्यानं गुंडाळलेला मॉनिटर आणि मागे सायकल हातात धरून चालत येणारे बाबा, असा तो आमच्या गल्लीत शिरला. आईनं शिलाई मशीनवर त्याला जुन्या साडीचं कव्हर शिवलं. घरात ठरून गेलं की त्याला हात फक्त मी लावायचा.

बाबा रविवारी खुर्ची ओढून जरा दूर बसायचे आणि मला गाण्यांची सीडी लावायला सांगायचे. आई तेवढंही सांगायची नाही. ती फक्त कव्हर काढायची, धूळ पुसायची, कव्हर घालायची. सातवी शिकलेली बाई. वाचायची मात्र सगळं. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय चुलीत घालायची नाही. मी एकदा तिला म्हटलं की बस, मी शिकवते. ती म्हणाली, "इंग्रजी आहे ना ते. माझं तिथं काय काम?" आणि भात पाहायला उठून गेली. ते खरंच होतं.

साल दोन हजार आठ असेल. कॉलेजच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस घरी यायला लागले. फोल्डर उघडलं की त्याच्या पोटात तेच फोल्डर, त्याच्या पोटात पुन्हा तेच. मशीन सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की तोवर माझा चहा पिऊन व्हायचा. गोंदियाच्या दुरुस्तीवाल्यानं सगळं पुसून पुन्हा भरून दिलं. महिन्याभरात परत तेच. शेवटी कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना मी रडवेली होऊन विचारलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक सीडी काढून दिली. म्हणाले, ही लिनक्स आहे, फुकट आहे, व्हायरसचा त्रास होणार नाही, पण आधी थोडं परकं वाटेल.

मी रविवार निवडला. बाबा कोहमाऱ्याला एका लग्नाला गेले होते, ते मला बरंच वाटलं. त्यांच्यासमोर मशीन बंद पडलं असतं तर मला तोंड दाखवता आलं नसतं. सकाळचं भारनियमन संपून लाइट आली तशी मी सीडी घातली. पहिल्याच पडद्यावर भाषांची यादी आली. मी सवयीनं इंग्रजीवर थांबणार होते. पण बाण खाली नेता नेता 'मराठी' असं लिहिलेलं दिसलं, आपल्या अक्षरांत. आमच्या जुन्या सिस्टीममध्ये मी असं कधी पाहिलं नव्हतं. निव्वळ कुतूहलानं मी ते दाबलं.

सगळं भरून मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा आधी ढोलकीवर थाप पडावी तसा आवाज आला. मग ओल्या विटेच्या रंगाचा पडदा. याद्यांची पट्टी वर होती. माझा हात पुन्हा पुन्हा खालच्या डाव्या कोपऱ्यात जायचा आणि तिथे काहीच नसायचं. ड्राइव्हची अक्षरं नव्हती, माझं नेहमीचं पानं लिहायचं सॉफ्टवेअर नव्हतं. दुसऱ्याच्या घरी चहा करायला उभं राहावं आणि साखरेचा डबा कोणता ते कळू नये, तशी मी बसून होते. मनात एकच, बाबा येतील तेव्हा काय सांगू.

आई माझ्या मागे सुपात तांदूळ निवडत होती. मी पडद्याकडे आणि ती तांदळाकडे पाहत होतो असं मला वाटत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कचरापेटी."

मी वळले. ती सूप मांडीवर तसंच ठेवून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहत होती. मग तिची नजर वर गेली आणि शाळेतल्यासारखं एकेक अक्षर लावत ती वाचत गेली. अनुप्रयोग. ठिकाणे. मदत. मधूनच एखादा इंग्रजी शब्द आडवा यायचा, कारण भाषांतर अर्धवट होतं. तो ती रस्त्यातला दगड ओलांडावा तसा ओलांडायची.

"हे मराठीत काऊन आहे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की मीच मराठी निवडली.

"निवडता येते?"

"येते."

तिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि बाबांची खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. दूर नाही, अगदी शेजारी. मी एकेक गोष्ट उघडून दाखवत गेले आणि ती वाचत गेली. 'संचयिका' म्हणजे काय ते तिला कळलं नाही. खरं तर मलाही फोल्डर म्हटल्यावरच कळलं. पण लिहिलेलं ठेवून द्यायच्या जागी 'जतन करा' असं आलं तेव्हा ती थांबली. "जतन करा म्हणते," ती म्हणाली. "किती चांगलं बोलते." तो शब्द आमच्या घरात बियाण्यासाठी वापरला जायचा, किंवा बाळंतिणीसाठी.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी नवा पडदा पाहिला, हातपाय धुतले आणि गाण्यांची सीडी पुढे केली. सीडी वाजली नाही. या सिस्टीमला त्या गाण्यांसाठी आणखी काही तरी भरावं लागत होतं आणि आमच्याकडे इंटरनेट नव्हतं. मी समजावून सांगायला लागले तर बाबांनी हात वर केला.

"चांगलं चालून राहिलं होतं. कायले हात लावला?"

आई आतून म्हणाली की चांगलं कुठं चालत होतं, पोरगी रोज रडत होती. बाबा म्हणाले, फुकटचं असते ते असंच राहते. त्यांनी सीडी परत पाकिटात घातली. मी ठरवलं की सरांना सीडी परत करायची आणि दुरुस्तीवाल्याकडून जुनंच भरून आणायचं.

सकाळी मी तसं आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "गाण्याचं पाहून घे. बाकी राहू दे." आईनं त्या मशीनबद्दल मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

सरांनी गाण्यांसाठी लागणारं सगळं आणि मराठीचा राहिलेला भाग पेन ड्राइव्हमध्ये भरून दिला. पुढच्या रविवारी बाबांची सीडी वाजली. ते ऐकत बसले, पण त्यांची खुर्ची आता शेजारी असायची आणि बरेचदा तिच्यावर आई बसलेली असायची. कॉम्प्युटरसोबत आलेला जुना प्रिंटर मात्र शेवटपर्यंत चालला नाही.

मग लिहिणं आलं. मराठी कळफलक वेगळा होता. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मी कागदाचे तुकडे कापून त्यावर अक्षरं लिहिली आणि टेपनं चिकटवली. आई एका बोटानं लिहायची. एक अक्षर शोधायची, दाबायची, मान वर करून ते खरंच उमटलं का पाहायची. आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग माहेरच्या गावाचं. नंतर एकदा म्हणाली की रोवण्याची गाणी लिहू का. धानाच्या रोवणीत बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लेकरं ठेवून वाकून परे, म्हणजे भाताची रोपं, लावताना म्हणतात ती गाणी. काही तिच्या मायनं म्हटलेली, काही तिनं स्वतः जोडलेली. कुठे लिहिलेली नव्हती. ती लिहायची, मी शेजारी अभ्यास करायचे.

पहिली ओळ पूर्ण झाली आणि तिनं मला हाक मारली. आवाज जरा पडलेला होता.

"बेटा, हे लाल काऊन करून राहिलं?"

मी पाहिलं. पडद्यावर होतं:

आभार आलं भरून, बांधीत साचलं पानी,
माय माझी रोवते परे, मी धुऱ्यावर तानी.

'पानी'खाली लाल नागमोडी रेघ होती. 'तानी'खाली होती, 'परे'खाली होती. मशीन तपासणी करत होतं. मी सहज सांगितलं की शुद्ध लिहायचं तर पाणी, तान्ही असं पाहिजे. मी करून देऊ का?

तिनं माझ्या हातातला माउस हलकेच बाजूला केला. "मी पानी म्हणते," ती म्हणाली. "माझी माय पानीच म्हणत होती. गाणं तिचं आहे, मी शुद्ध कसं करू?"

मी माउस परत घेऊन त्या शब्दावर उजवं बटण दाबलं. दुरुस्त शब्दांची यादी आली आणि तिच्या खाली एक ओळ होती: शब्दकोशात जोडा. मी ती दाबली. 'पानी'खालची रेघ गेली.

आई पुढे झुकली. "काय केलं?"

मी म्हटलं, मशीनला सांगितलं की हा पण शब्द आहे.

"आणि त्यानं ऐकलं?"

"ऐकलं."

तिनं 'तानी'वर बोट ठेवलं. मग 'परे'वर. आम्ही एकेक जोडत गेलो. डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा, जवळचं जवर, मायबाई. ती प्रत्येक रेघ जाताना पाहायची, जणू पोराच्या पायातला काटा काढून राहिली आहे. आमच्या बोलीतला असूनही पहिल्या शब्दाखाली, 'आभार'खाली, रेघ नव्हती. आमच्याकडे आभाळाला आभार म्हणतात. हे कसं काय बरोबर धरलं, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, मशीनला वाटते तू धन्यवाद म्हणून राहिली. ती हसली. "मंग राहू दे. पानी देते तर मानलेच पाहिजे."

महिनाभर हे चाललं. दुपारी लाइट असेल तेव्हा. एका सुट्टीच्या दिवशी ती एका गाण्यावर अडली. बाबा अंगणात सायकलची चेन बसवत होते. आई लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचत होती:

चिखल लागला पायाले, जोडवं झालं कारं...

पुढचं आठवत नव्हतं. तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, नाही म्हणून मान हलवली. मायला विचारावं तर माय जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, राहू दे, नंतर आठवेल. ती म्हणाली की आता कुठून आठवणार.

अंगणातून, मान वर न करता, बाबा म्हणाले:

"सासरचा रस्ता पुसते, माहेराचं वारं."

त्यांनी ते गायलं नाही, नुसतं सांगितलं, एखाद्यानं रस्ता सांगावा तसं. आई दाराकडे वळून म्हणाली, "तुमाले कसं माहीत?"

बाबांनी चेन ओढून पाहिली. म्हणाले, लग्नाच्या पहिल्या वर्षी ते दोघं एकाच शेतात रोवण्याला जात होते. बाया लावायच्या आणि ते धुऱ्यावरून पऱ्यांच्या पेंढ्या फेकायचे. "तू रोज हेच म्हणत होती."

"तुम्ही तर बिडी पीत बसले राहत होते."

"कान तर होते ना."

आईनं तोंड पडद्याकडे केलं आणि ती ओळ लिहायला घेतली. तिचं बोट दोनदा चुकलं. 'पुसते' मशीनला पटलं, 'वारं'ही पटलं. माझं तिथे काही काम नव्हतं, म्हणून मी उठून चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा बाबा हाताचं ग्रीस पुसत खुर्चीच्या मागे उभे होते आणि पुढच्या गाण्यात कोणतं कडवं आधी, यावर दोघांचा वाद सुरू होता. आई म्हणत होती की तिच्या मायचं गाणं तिला माहीत की त्यांना. बाबा म्हणत होते, माहीत होतं तर मघाशी काऊन थांबली.

आई जायची त्या बुद्धविहारातल्या बायांना हे कळलं आणि त्यांना गाणी कागदावर हवी झाली, मोठ्या अक्षरांत, कारण सगळ्यांची नजर अधू झालेली. मी फाइल घेऊन गोंदियाच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदारानं उघडून दाखवलं, "मॅडम, ये तो डब्बे ही डब्बे आ रहे हैं." खरोखर, शब्दांच्या जागी चौकोनांच्या रांगा. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितल्याप्रमाणे मी पीडीएफ करून नेली आणि पानं जशीच्या तशी निघाली. आईनं पहिलं पान हातात घेऊन उन्हात धरलं, खालून वरून पाहिलं. कुठेही लाल नव्हतं.

नंतर मला तिरोड्याला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात नोकरी लागली. तिथे जुनीच सिस्टीम होती, इंग्रजीतली. मला त्यात काही अडचण आली नाही. घरी मात्र सुट्टीत आले की मी लिनक्सची नवी आवृत्ती भरून द्यायचे, आईच्या शब्दांची फाइल आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊन आणि नंतर जागेवर ठेवून. एका वर्षी जी आवृत्ती आली तिनं सगळा चेहराच बदलून टाकला. वरच्या याद्या गेल्या, डाव्या बाजूला चित्रांची उभी पट्टी आली. मला वाटलं, आई आता हात लावणार नाही. मीच लिहायचं सॉफ्टवेअर शोधत इकडे तिकडे दाबत बसले आणि मनात म्हणत होते, उगाच बदललं, चांगलं चालू होतं.

आई स्वयंपाक सोडून आली, पिठाचे हात वर धरून थोडा वेळ माझ्या मागे उभी राहिली.

"नावं वाचत जाय ना बेटा," ती म्हणाली. "लिहिलं आहे सारं."

मी एकेका चित्रावर बाण नेला. चित्राशेजारी नाव येत होतं, मराठीत. चौथ्यावर सापडलं. मी उठले, ती हात धुऊन येऊन बसली, आणि पोळ्या मी लाटल्या.