कॉलरवालीची तिसरी ताकीद

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे ‘कॉलरवाली’ म्हणत. शर्टात सगळ्यात किचकट काम कॉलरचं, आणि ते वर्षानुवर्षं हिच्याच पदरात. पंख्याखालचं मशीन आणि सरळ शिवणी कोणाला? सुपरवायझरच्या मेहुणीला! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

तेही निभावलं असतं. पण मेहुणीला कॉलर शिवायची हौस आली. वाकड्यातिकड्या कॉलरी निघू लागल्या. प्रत्येक गठ्ठ्यावर शिवणारीच्या नंबराची चिठ्ठी असते. जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठ्या गुपचूप बदलल्या जायच्या आणि मेहुणीचं पाप कॉलरवालीच्या नावावर चढायचं. दोन ताकिदी झाल्या. तिसरी झाली की घरी. आणि घरी हिच्या एकटीच्या पगारावर पाच तोंडं.

शनिवारी मालकीणबाई आल्या. सुपरवायझरने एक कॉलर नाचवली. “बघा बाई, नंबर सतरा, म्हणजे आपली कॉलरवाली. काय दिवे लावलेत!”

तेवढ्यात मागून आवाज आला, “ही कॉलर हिची नाही.”

बोलले कोण, तर इस्त्रीवाले काका! ‘सरका, गरम आहे’ यापलीकडे त्यांचं बोलणं कोणी ऐकलं नव्हतं.

“कशावरून?” मालकीणबाईंनी विचारलं.

“रोज हिच्या कॉलरी माझ्या हाताखालून जातात. शिवण संपली की ही तीन उलटे टाके घेते, मोजून. इथं एक नाही. ओढून बघा.”

“काका, तुम्ही इस्त्री सांभाळा,” सुपरवायझर गुरगुरला.

“तेच करतोय साहेब. सुरकुती दिसली की हात थांबत नाही.”

मालकीणबाईंनी दोघींना तिथंच कॉलर शिवायला बसवलं. कॉलरवालीची शिवण ओढूनही हलली नाही; मेहुणीच्या कॉलरचा धागा ओढला, तर शिवण सरसर उसवत गेली.

“तिला आज जरा कणकण आहे,” सुपरवायझर म्हणाला. कणकण त्यालाच भरली होती.

ताकिदी फाडल्या गेल्या. मेहुणी बटणांवर गेली. सुपरवायझर मात्र राहिला, आणि आठवड्याभरात काकांची बदली तळघरातल्या गोदामात झाली.

तेव्हापासून कॉलरवाली डबा घेऊन दोन मजले उतरते. वर कुजबुज चालते. चालू दे! साठी उलटलेल्या, चार दात उरलेल्या माणसाच्या नावानं कुजबुजणाऱ्यांचीच कीव करावी.

“काका, माझ्यापायी तुम्ही या अंधारात आलात. कसे फेडू उपकार?”

“फेडायचे कसले? तुझ्या घरची चूल पेटती राहिली ना?” काकांनी घास चावत तोंड वाकडं केलं. “फारच वाटत असेल, तर भाजीत मीठ तेवढं कमी टाक, पोरी.”

ती डोळे पुसत हसली आणि उरलेली भाजीही त्यांच्याच ताटलीत वाढली.