देवांची पेशी

शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा देणारे एक बाबू आहेत. दिवसभर खिडकीतून मान वर न करता ते प्रत्येकाला एकच सांगतात, साहेब नाहीत, पुढची तारीख घ्या. जेवणाच्या सुट्टीत मात्र पाच मिनिटांत डबा संपवून ते आपल्या कॉमिकची चित्रं काढत बसतात. त्यात आपला इंद्र आणि ग्रीकांचा झ्यूस एकमेकांवर विजा फेकतात आणि खाली गावं जळतात. देवांचे पिळदार दंड बाबू घाईत उरकतात. जळणाऱ्या घराचं मात्र कौलन् कौल रेखाटतात.

परवा दिल्लीच्या प्रकाशकाचा फोन आला. शेवटी इंद्रच जिंकला पाहिजे, नाहीतर छापणार नाही, असं त्याचं म्हणणं.

"तो मत छापो, भैया," म्हणून बाबूंनी फोन ठेवला.

मी म्हणालो, "जिंकू द्या ना बाबू. पुस्तक तर निघेल."

"काहून जिंकू देऊ? गाव दोघायनं जाळलं. आमच्या बस्तरात देवानं काम नाही केलं, तर गाव त्याले पेशीवर उभं करते. सजा बी देते."

माझ्यासमोरच त्यांनी शेवटचं पान काढलं. झाडाखाली दोन्ही देव मान खाली घालून उभे. समोर घर जळालेली म्हातारी बसलेली. इंद्र हात जोडून पुढची तारीख मागतो आहे.

म्हातारीच्या तोंडी बाबूंनी ठळक अक्षरांत लिहिलं, "तारीख भेटणार नाही. फैसला आजच."