मामाजींनी पुसलेली मोटार

आमच्या घरात मोटार आली ती पोळ्याच्या आठवड्यात, आणि तीही खोक्यात बसून. मुलीनं माझ्या वाढदिवसाला पुण्याहून पाठवली होती. खोक्यावर चित्र होतं जुन्या काळातल्या लांबलचक अमेरिकन गाडीचं. मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख, पुढे आरशासारखा बंपर, पांढऱ्या कडेचे टायर. आत मात्र गाडी नव्हतीच. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले बारीकबारीक तुकडे, एक नकाशा आणि चिकटवायच्या द्रवाची एक नळी. गाडी आपणच जोडायची.

मी मोहाडीत शाळामास्तर, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की नाटकांत खलनायक. त्यामुळे साधं खोकंही मी साधेपणानं उघडू शकत नाही. तोंडानं घंटा वाजवली, "पडदा वर!" म्हणालो आणि झाकण उचललं. शेजारीण कुंपणावरून डोकावली. "का जी गुरुजी, यंदा पोरांच्या तान्ह्या पोळ्यात लाकडाच्या बैलाऐवजी मोटार काढता काय?"

"त्यायले पोरायमंदीच उभं करा," आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या. "बक्षीस भेटन."

हसले नाहीत ते एकटे मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्या दिवसांत एकोडीहून लेकीकडे राहायला आले होते. त्यांनी खोक्याचं झाकण उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि खाली ठेवीचनात.

"जवाईबापू, हे तं मालकाची गाडी होय."

तरुणपणी मामाजी एका मालगुजार जमीनदाराकडे ड्रायव्हर होते हे मला ठाऊक होतं. गाडी अमेरिकन होती हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आमच्याकडे सासरा आणि जावई एकमेकांशी बोलतात ते मानाचं. या बसा, जेवले का, पाणी बरं पडलं. मानाच्या खाली उतरून बोलायची पद्धत नाही.

त्या संध्याकाळी मात्र मामाजी बोलले. दसऱ्याच्या सकाळी ते गाडी कारध्याला न्यायचे. वैनगंगेच्या पाण्यानं धुवायचे, धोतराच्या फडक्यानं पुसायचे आणि मालकाच्या दारात आणून उभी करायचे. मग मालक पूजा करायचे, मालकीणबाई ओवाळायच्या.

"अन् तुमी, मामाजी?"

"मी मांगच्या चाकापाशी उभा राहो जी, फडकं धरून. एखांदा डाग दिसला तं पुसाले." झाकणावरच्या चित्रावरून बोट फिरवत ते म्हणाले, "माह्या हातात असतानी तिले एक खरोच नाई आली. पन पूजा कधी माह्या हातानं नाई झाली. जवाईबापू, दसऱ्यापर्यंत होते काय हे? एक डाव मले तिची पूजा करू द्यान काय?"

मी उठून छातीवर हात ठेवला आणि रंगमंचावरून देतात तसं वचन दिलं. खलनायकाला वचन पाळायची संधी क्वचितच मिळते.

मग रोज शाळा सुटली की आम्ही दोघं टेबलाशी. मी चौकटीतून तुकडे कापायचो, पॉलिश पेपरनं घासायचो, चिकटवायचो. एकदा दाराऐवजी माझं बोटच गाडीला चिकटलं, आणि सौभाग्यवतींनी तसंच राहू द्यावं, घरात शांतता राहील, असं सुचवलं. मामाजी जुन्या धोतराचं फडकं घेऊन बसायचे आणि मी दिलेला प्रत्येक तुकडा, नखाएवढा आरसासुद्धा, पुसून परत द्यायचे. खोक्यावरची गाडी लाल होती. मालकाची हिरवी होती, भाताची रोवणी झाल्यावर बांधीच्या खाचरात धान दिसतो तशी. मी हार्डवेअरच्या दुकानातून रंगाचे डबे आणून मिसळत बसलो. मामाजी प्रत्येक छटेला "छानच हाये" म्हणायचे. खरी छटा जमली तेव्हा काहीच म्हणाले नाहीत. त्यावरून मला कळलं.

घोळ झाला तो स्टेअरिंगचा. ते डावीकडे होतं.

"तिकडे असंच असते, मामाजी. अन् तिकडे ड्रायव्हर ठेवत नाहीत, मालक आपणच चालवते."

"मंग पुसते कोन?"

"तोच."

मामाजींनी यावर बराच विचार केला. "अन् पूजा?"

अमेरिकेत दसरा नसतो हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण झाली. सकाळी पाटावर लाल कापड घालून तिला उभं केलं. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, फडक्यानं गाडी पुसली, ते खांद्यावर टाकलं आणि पूजेला बसले. बॉनेटला हळदकुंकू लावलं. झेंडूचं एकच फूल ठेवलं, कारण हार घातला असता तर गाडी दिसलीच नसती. नारळ ठेवला तो गाडीपेक्षा मोठा. चाकाखाली लिंबाऐवजी आवळा ठेवावा, असा माझा विनोद होता. तो मी गिळला. त्यांचे हात थरथरत होते, पण निरांजन ओवाळताना स्थिर झाले. माझ्या आयुष्यात मी एवढा शांत प्रेक्षक कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात गल्लीतली मंडळी सोनं द्यायला आली. आपट्याची पानं, गळाभेटी, चहा. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत. निरांजन कुणी फुंकून विझवत नाही. ते आपलं आपण शांत होऊ द्यायचं. पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत फडफडत होती, म्हणून मामाजींनी उठता उठता निरांजन गाडीच्या आडोशाला सरकवलं, अगदी बंपरला लागून.

आम्ही आत आलो तेव्हा गाडीनं नाक खाली टाकलं होतं. बंपर वितळून पाटावर आला होता, एक हेडलाइट जमिनीकडे बघत होता, आणि हिरव्या बॉनेटवर फोड आले होते. निरांजन अजून तेवत होतं.

 दुसरा कुणी असता, मुलगी, बायको, शाळेतला मित्र, तर मी ओरडलो असतो, ते ओरडले असते, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही त्यावर हसलो असतो. पण समोर मामाजी होते. मी मान राखला. म्हणालो, "काई नाई झालं, मामाजी. राहू द्या."

त्यांनीही मान राखला. "हो जी," म्हणाले. मग फडक्यानं बंपरची काजळी पुसायला गेले आणि थांबले. "खरोच नाई आली होती तिले."

दोन दिवसांनी ते एकोडीला गेले. धान कापणीला येईल, घरी कुणी पाहायला नाही, असं काहीतरी कारण निघालं. फोनवर सगळ्यांची विचारपूस करायचे, आमच्या म्हशीचीसुद्धा. गाडीची नाही. नवा संच मागवतो म्हणालो तर "कायले तरास घेता जी," म्हणाले. त्या आवाजात असा मान होता की पुढे एक शब्द बोलता येईना. शेकडो लोकांसमोर पानंच्या पानं तोंडपाठ म्हणणारा मी. मला त्या एका माणसाला सांगायचं होतं की त्या सकाळी गाडीचं नाक गेलं त्याचं मला काहीही वाटलं नाही, तुमचे हात स्थिर झाले ते पाहिलं, पुरे झालं. हे वाक्य मला आजही पाठ आहे. म्हणायची जागा सापडली नाही.

यंदाच्या दसऱ्याला बायको हट्टानं त्यांना घेऊन आली. मी तीच गाडी, तशीच, पाटावर ठेवली होती. निरांजन लांब, खिडकीत. ताट त्यांच्यापुढे धरलं.

"मामाजी, बसा. पूजा तुमच्या हातची."

त्यांनी ताटाकडे पाहिलंच नाही. खांद्यावरचं फडकं काढून गाडी पुसली. पंख, काच, पांढऱ्या कडेचे टायर, आणि वितळलेलं नाकही, जखमेवरून हात फिरवावा तसं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बाजूला, गाडीच्या मागच्या चाकाकडे, जाऊन उभे राहिले.

"तुमी करा, जवाईबापू. हे तुमची गाडी."

"मामाजी—"

"करा जी. टाईम होऊन राहिला."

मी पाटाशी बसलो. हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. वर पाहिलं नाही. मागच्या चाकापाशी त्यांचे पाय दिसत होते, जुळवलेले, आणि त्यांच्या बाजूला फडक्याचं लोंबतं टोक.