शुद्ध मेणाचा थॅलस

'गायस ऑफिलियस थॅलस. गायसने मुक्त केलेला दास. शुद्ध मेणाचा व्यापारी. वय वर्षे एकसष्ट. याने कधी कुणाला फसवले नाही. जुन्या मालकांनी ही शिळा स्वखर्चाने उभारली.'

असं आमच्या थॅलसच्या थडग्यावर कोरलंय.

थॅलसचं दुकान मालकांच्याच घराच्या दर्शनी भिंतीत होतं. डिसेंबरात सॅटर्न देवाचा सण आला की मालकांचे आश्रित त्याच्याकडून मेणबत्त्या घेत आणि शेजारच्या दारातून आत जाऊन मालकांना भेट देत. मालकांच्या सांगण्यावरून कारभारी दामा त्याच मेणबत्त्या मागच्या दाराने थॅलसला निम्म्या किमतीत विकत असे. सकाळी त्या पुन्हा दुकानात. काही मेणबत्त्यांनी त्या घराचे उंबरे आम्हा घरच्या दासांपेक्षा जास्त वेळा ओलांडले होते.

भेटीची मेणबत्ती कुणी पेटवत नाही, जो तो पुढे देतो. हे ओळखून थॅलसने वर मेणाचा पातळ थर ठेवून आत बकऱ्याची चरबी भरायला सुरुवात केली.

"आणि कुणी पेटवली म्हणजे?" बायको फिलेमा विचारायची.

"भेट आलेली वस्तू वापरायला लोक काय खुळे आहेत?"

एका वर्षी दुकानाच्या भाड्याची मुदत सणातच संपत होती. पुढे ठेवायचं की काढायचं, ते मालक जेवणानंतर सांगणार होते. थॅलसलाही पंगतीचं बोलावणं होतं. फासे टाकून सणाचा राजा निवडला, तर मान गेला घरच्या पाणक्याकडे, स्टॅफिलसकडे. त्या दिवशी राजाचा शब्द मालकांनाही मोडता येत नाही.

"भेटीच्या सगळ्या मेणबत्त्या लावा," राजा म्हणाला. "वर्षभर अंधारात पाणी ओढलंय. आज उजेडात जेवणार."

थोड्याच वेळात घरभर जळक्या बकऱ्याचा वास सुटला.

"थॅलसशेट, पुढचं पक्वान्न मटणाचं का हो?" स्टॅफिलसने विचारलं.

थॅलस ताटात बघत राहिला. मालकांनी दामाकडे पाहिलं, दामाने छताकडे. मेणबत्ती कुठून आली हे विचारायचं, तर ती मागच्या दाराने किती वेळा गेली हेही निघालं असतं. आणि देणारे सगळे पंगतीतच होते.

"छान वास आहे," मालक म्हणाले. "शेतावरची आठवण झाली."

"आमच्या आजोळी अगदी असाच यायचा," डोळे पुसत एक आश्रित म्हणाला.

"थॅलस, दुकान राहू दे तुझ्याकडे," मालक उठताना म्हणाले. "पण यापुढे भेटीसाठी मातीच्या बाहुल्या विक. त्या पेटत नाहीत."

मरेपर्यंत त्याने बाहुल्याच विकल्या.

शिळेच्या मागच्या बाजूला, आधीच कोरलेलं, ऑस्तिया बंदरातल्या एका खेचरवाल्याचं नाव आहे.